शिंकणारी सून

बसवकल्याणजवळच्या कोहिनूर गावच्या बिरादारांच्या घरात सून होऊन आली तेव्हा उमादेवीला दुकानातलं काही शिकवावं लागलं नाही. कमलनगरला बापाच्या किराणा दुकानात ती गल्ल्यामागेच वाढली होती. एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात, औरादकडून आलेल्या एखाद्या म्हातारीशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलता बोलता तिचे हात पुड्या बांधत राहायचे. बिरादारांच्या घराच्या पुढच्या अंगालाही दुकानच होतं. मागे राहतं घर, त्यामागे परसू आणि पलीकडे शेत. नवरा रविकुमार शेत बघायचा, थोरला दीर चन्नवीर दुकान आणि भुसार मालाचा व्यापार. सासरे वारल्यापासून सासू गुरुबाई, लेकांची अव्वा, या सगळ्यांना बघायची. नव्या सुनेचा हात चालतो हे बघून तिनंच उमादेवीला गल्ल्यावर बसवलं, आणि पहिले दोन-तीन महिने फार चांगले गेले.

मग गणपती उठले आणि उमादेवीला शिंका सुरू झाल्या.

एक-दोन नव्हेत. सुरू झाल्या की आठ-दहा लागोपाठ, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टाळूला खाज. माहेरी भर बाजारपेठेतलं घर, तिथं असला त्रास तिला कधी झाला नव्हता. इथं परसापासून शेताच्या बांधापर्यंत गाजर गवत कंबरेएवढं माजलेलं, वर पांढरी फुलं पसरलेली. पण त्या गवताकडं बघून कुणाला काही वाटलं नाही. सगळ्यांनी सुनेकडं बघितलं.

त्याच दिवसांत चन्नवीर उडदाची पोती घेऊन उदगीरला निघाला होता. त्यानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि उमादेवी शिंकली. तो मागं फिरला, खुर्चीवर टेकला, पाणी प्यायला, आणि मग गेला. वाटेत टेंपोचं टायर फुटलं, टेंपो कलंडला आणि चन्नवीरचा डावा हात मोडला. टेंपोत पोती किती कोंबली होती ते अख्ख्या गल्लीनं बघितलं होतं. चाकं जुनी झालीत, असं रविकुमारनं आदल्या दिवशीच बोलून दाखवलं होतं. पण हात प्लास्टरात घालून चन्नवीर घरी आला तेव्हा टायरचं नाव कुणी काढलं नाही.

"नवी सून शिंकली," गुरुबाई भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायला लागली. "पाऊल भाईर पडायला आन् हिची शिंक यायला एकच गाठ."

हात वाकडाच जुळला. त्या वाकड्या हातानं उमादेवीचा पुढचा सगळा संसार ठरवून टाकला.

आधी तिला सकाळी गल्ल्यावर बसायची बंदी झाली, बोहनीच्या वेळी शिंक नको म्हणून. मग संध्याकाळीही नको, दिवाबत्तीची वेळ असते म्हणून. मग तिच्यासाठी दुकानच बंद झालं. घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की गुरुबाई स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायची, "उमा, मागं जा." मागं म्हणजे परसाकडची खोली. तिथं ज्वारीच्या कणग्या आणि मोडकी खाट होती. गाडी गेल्याचा आवाज आला की दार उघडायचं. पोरांच्या परीक्षा, कोर्टाची तारीख, सोयरिकीची बोलणी, दवाखाना, प्रत्येक वेळी मागं जा. त्या खोलीची खिडकी गाजर गवतावरच उघडत होती, त्यामुळे तिथं तिला आणखी शिंका यायच्या आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जायच्या.

औषधं केली नाहीत असं नाही. ओव्याची पुरचुंडी हुंगली, वाफारे घेतले, नाकात तूप सोडलं. गावातले डॉक्टर दर साली एक इंजेक्शन टोचायचे. महिनाभर बरं वाटायचं, पण तोंड सुजायचं आणि अंगावर पाणी चढल्यासारखं व्हायचं. त्यांनीच दिलेल्या गोळीनं अशी झोप यायची की तव्यावरची भाकरी करपून जायची, आणि मग त्या भाकरीवरून दोन शब्द वेगळे. पुढं नाक मोकळं करायचे थेंब मिळाले. ते घातले की घटकाभर नाक सुटायचं आणि मग आधीपेक्षा घट्ट बसायचं. होता होता अशी वेळ आली की उशाशी ती बाटली नसेल तर तिला डोळा लागेना.

रविकुमार वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उचलला नाही, कधी आवाज चढवला नाही. आई "मागं जा" म्हणाली की तो चपला शोधायला लागायचा, नाहीतर मोबाइलमध्ये बघायचा. उमादेवीला सासूचा राग यायचा, दिराचा यायचा, पण त्या चपला शोधणाऱ्या वाकलेल्या पाठीचा जेवढा यायचा तेवढा कुणाचाच नाही. तो राग ती गिळत राहिली. नाक बंद असलेल्या माणसाला भांडतासुद्धा येत नाही. दोन वाक्यं बोललं की श्वास लागतो, तिसऱ्याला शिंक येते आणि समोरचा हसतो.

अशी चौदा वर्षं गेली.

त्या साली चन्नवीरच्या मुलाची, पंचाक्षरीची सोयरीक आळंदकडं जुळत होती. बोलणी पक्की करायला मोठी माणसं निघाली. ओट्यावर सगळे चपला घालत होते. उमादेवीची मुलगी शिवलीला सातवीत होती. दोन वर्षांपासून तिलाही पावसाळा सरता सरता शिंका यायला लागल्या होत्या. ती दप्तर आवरत माजघरात बसली होती. तिनं नाक चोळलं, आजीकडं बघितलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून परसाकडच्या खोलीत गेली. आतून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"शानी हाय माझी बाय," गुरुबाई कौतुकानं म्हणाली. "सांगावं लागत न्हाई."

उमादेवीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला. आपल्याला दार लावायला शिकवलं होतं. ही पोर न शिकवता शिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शिवलीलाला शाळेच्या कपड्यांतच बरोबर घेतलं. रविकुमार बैलांना पाणी दाखवत होता.

"कुठं चाललीस?"

"बीदरला. नाकाच्या डॉक्टरकडं."

"अव्वाला इचारलीस का?"

"तुमीच सांगा अव्वाला. तेवढं तरी बोला." आणि ती निघाली. बसवकल्याणला जाऊन तिनं बीदरची बस धरली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर नेत्रा देशपांडे बाई बीदरच्याच. उमादेवीच्याच वयाच्या असतील. त्यांनी कपाळावरचा दिवा लावून आधी आईच्या आणि मग मुलीच्या नाकात बघितलं, आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारले. कधीपासून, कोणत्या महिन्यांत, सकाळी जास्त का संध्याकाळी, घराभोवती काय आहे. गाजर गवताचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली.

"ही सर्दी नाहीये, उमाताई. या गवताच्या फुलांचे कण हवेत उडतात. तुमच्या नाकाला ते सोसत नाहीत. मुलीलाही तेच आहे, घराण्यात चालतं हे. आता औषध कोणतं घेता ते दाखवा."

उमादेवीनं पिशवीतून थेंबांची बाटली काढली. बाईंचा चेहरा बदलला.

"हे किती दिवस घालताय?"

"वरसं झाली."

"वर्षं? अहो, हे आठवड्याच्या वर घालायचं नसतं! नाक याच्यामुळंच बंद होतंय तुमचं. आजपासून हळूहळू सोडायचं, आधी एका नाकपुडीचं."

मग त्यांनी टेबलावर एक लहानशी बाटली ठेवली. वर पांढरी बोथट नळी, बोटांनी दाबायची. ऍलर्जीचं औषध, पण पोटात घ्यायचं नाही, नाकातच फवारायचं, असं त्यांनी सांगितलं. उमादेवीनं सवयीनं मान मागं टाकली, आढ्याकडं बघितलं.

"तसं नाही. मान मागं टाकली की सगळं घशात जातं. थोडी पुढं वाका. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडं नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडं करा. एकदा दाबा, आणि श्वास अलगद घ्या. फुलाचा वास घेतो तसा. तपकीर ओढतात तसा नाही."

उमादेवीनं दाबलं आणि तपकिरीसारखंच ओढलं. घसा कारल्याचा रस प्यायल्यासारखा कडू झाला. शिवलीला आईचं तोंड बघून हसली, आणि मग तिनं स्वतः मात्र पहिल्या खेपेलाच बरोबर फवारलं. दोघींना बाहेर बाकावर बसायला सांगून बाईंनी पुढचा पेशंट आत घेतला.

बाकावर बसल्या बसल्या उमादेवीच्या टाळूची खाज कमी झाली. नाकातलं पाणी थांबलं. शेवटची शिंक कधी येऊन गेली ते तिला कळलं नाही. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की आपण रुमाल मांडीवर ठेवलाय आणि तो तिथंच आहे. समोर एक बाई लेकराला मोसंबी सोलून देत होती आणि तिचा वास उमादेवीला आला. या दिवसांत इतक्या वर्षांत कशाचा वास म्हणून आला नव्हता.

तिला वाटलं होतं, बरं वाटलं की आनंद होईल. पण आला तो राग. ती उठली आणि न बोलावता आत गेली.

"बाई, ह्ये औषद नवं आलंय का?"

"नाही हो. बरीच वर्षं झाली येऊन."

"माझ्या लग्नाला चौदा वरसं झाली. त्याच्या आदीपासून हाय?"

नेत्राबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या.

"मंग मला कामून कुणी सांगितलं न्हाई?" आवाज एवढा चढला की आतल्या पेशंटनं मान वळवली. "डॉक्टर टोचून टोचून माझं तोंड सुजवायले, घरचे मला कोंडायले, आन् औषद हितं बाटलीत बसून हुतं! ज्वारीच्या कणगीसंगं बसविलं मला, बाई. कणगीसंगं!"

नेत्राबाईंनी तिला गप्प केलं नाही. राग ओसरू दिला आणि मग सगळं स्वच्छ सांगितलं. या औषधानं रोग मुळातून जात नाही. फुलं येण्याआधी सुरू करायचं, हंगाम संपेस्तोवर रोज घ्यायचं. थोडी गुंगी येऊ शकते. पुरेसं पडलं नाही तर दुसऱ्या प्रकारचा फवारा आहे, म्हणून पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं. मुलीला वयाप्रमाणं कमी. आणि परसातलं गवत फुलायच्या आधी उपटून घ्यायचं, पण उमादेवीनं किंवा मुलीनं नाही, दुसऱ्या कुणीतरी, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून.

बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत उमादेवी रडत होती. शिवलीलाला वाटलं, औषध लागतंय.

"लागत न्हाई गं," ती म्हणाली. "चांगलं हाय औषद. त्येच तर सोसंना झालंय."

थेंब सोडताना पंधरा रात्री वाईट गेल्या, नाक चोंदून ती उठून बसायची. पण दिवाळीपर्यंत तिच्या शिंका जवळजवळ थांबल्या. शिवलीलाच्या निम्म्या कमी झाल्या. घरात पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं असेल तर गुरुबाईच्या. तिनं ते श्रेय स्वतःच्या सोमवारच्या उपासांना देऊन टाकलं. उमादेवीच्या मनात बोलायचं साचत होतं.

पंचाक्षरीचं लग्न दिवाळीनंतर धरलं होतं, मुलीकडं आळंदला. वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी गुरुबाई स्वयंपाकघरात आली आणि गोड आवाजात म्हणाली, "उमा, उद्या नवरदेवाला ओवाळायला तू ऱ्हा. चुलतीचा मान हाय. आता कुटं शिंकतीस तू? पर तेवढं नाकात मारून ये हं. आन् शिवलीला आजून मधीच शिंकती, तिला गाड्या जाईस्तोवर मागं बसीव."

उमादेवी पीठ मळत होती. तिचे हात थांबले. चौदा वर्षं तिला वाटत होतं की हा मान आपल्याला मिळावा. आता तो मिळत होता, नाकात औषध मारून यायच्या बोलीवर, आणि पोरीला कोंडून.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"मी ओवाळणार न्हाई. आन् माझी पोर मागं बसणार न्हाई."

गुरुबाईला ते खरं वाटलं नाही. लग्नघरात बायका रुसतात, उद्यापर्यंत उतरेल, म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दारात दोन जीपा आणि एक बस उभी राहिली. हलगी वाजत होती, गल्लीतली माणसं जमली होती. गावातले लिंगायतांचे गुरू जंगम स्वामी बस सुटेपर्यंत आशीर्वादाला थांबले होते. ओवाळणी शेवटी नवरदेवाची आई नागम्मा करत होती. उमादेवी ओट्याच्या कडेला उभी राहिली. शिवलीला कुठं दिसत नव्हती. तिनं मान वळवून बघितलं, परसाकडच्या खोलीचं दार लागलेलं होतं. आजीनं काम उरकलं होतं.

कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. धूर ओट्यावर आला. फेटा बांधलेला चन्नवीर मुलाचा हात धरून उंबऱ्यातून बाहेर पडत होता. पाऊल बाहेर पडलं आणि तो शिंकला. मोठ्यानं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

लोक हसले. "धूर गेला, धूर," गुरुबाई म्हणाली. "चला, चला, येळ व्हायलाय."

"थांबा!"

हलगी बंद पडली. उमादेवी ओट्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती, नवरदेवाच्या बरोब्बर पुढं.

"कुणी जायचं न्हाई. शिंक आली. भावजी, मागं जा."

"उमा, येडी झालीस का?" चन्नवीरनं डोळे पुसत विचारलं.

"व्हय, झाले. चौदा वरसं कोंडल्यावर काय व्हतंय मग? तुमी शिंकलाव तर धूर, आन् मी शिंकले तर तुमचा हात मोडतंय? टेंपोत पोती कुणी भरली हुती? म्या? जुनी चाकं कुणी चालविली? तुमच्या फुटल्या टायराचा जाब माझ्या नाकानं कामून द्यावा?"

"उमा," रविकुमार पुढं येऊन हळू बोलला, "आज नको. पाव्हणे हायत."

"पाव्हण्यांनी ऐकावं म्हणूनच बोलायले! घरात मी बोलले तवा तुमी चपला हुडकत हुताव."

गुरुबाईनं जंगम स्वामींकडं हात जोडले. "अय्या, तुमी तरी सांगा हिला. शुभ येळ हाय."

स्वामी घसा खाकरून म्हणाले, "बाई, शिंकेत काही नसतं. आपल्या धर्मात शकुन-अपशकुन मानत नाहीत. तू शांत हो."

उमादेवी आता त्यांच्याकडं वळली. "मानत न्हाईत? मंग ह्या ओट्यावर बसून तुमी किती बारी प्रसाद घेतलाव, अय्या? मी आत कोंडल्याली हाय ह्ये तुमाला म्हाईत नव्हतं? माझ्या शिंका भाईर ऐकू येत हुत्या. तवा ह्येच वाक्य कामून सांगितलं न्हाई? सगळ्यांच्या गळ्यात लिंग हाय, बसवण्णाचं कल्याण हितनं हाकेवर हाय, आन् माणसं भ्यायलीत कशाला, तर बाईच्या नाकाला!"

स्वामींनी खाली बघितलं.

उमादेवी घरात गेली. खोलीचं दार उघडून शिवलीलाला हाताला धरून बाहेर आणलं. पोरीचे डोळे लाल होते आणि नाक गळत होतं. पायरीवर येता येताच ती तीनदा शिंकली, आणि घाबरून आईच्या पदराआड जायला लागली.

"शिंक," उमादेवी म्हणाली. "पायजे तेवढी शिंक. हितंच." मग तिनं पायरी सोडली. "आता जावा तुमी. मी आडविणार न्हाई."

पंचाक्षरीचीच हालचाल आधी झाली. नवरदेव खाली उतरला, शिवलीलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जीपमधी माझ्यासंगं बस," आणि तिला घेऊन गेला. मग एकेक करून सगळे गाड्यांत चढले. कुणी उमादेवीच्या शेजारी बसलं नाही. पूर्ण वाटभर गुरुबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

लग्न लागलं. जेवणं झाली. नवी सून घरात आली आणि सुखानं नांदते आहे.

लग्नानंतरच्या सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा उमादेवी गल्ल्यामागे बसली होती. कुणाला न विचारता. चन्नवीर आला, उभा राहिला, आणि गोदामाकडं निघून गेला. पहिलं गिऱ्हाईक भागम्मा, शेजारची म्हातारी, चहापत्ती घ्यायला आली. तिनं पुडी घेतली आणि इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "त्या बीदरच्या बाईचं नाव काय म्हणलीस? माज्या लेकीला सासरी असंच करायलेत." त्या हिवाळ्यात अशा पाच-सहा बायका आल्या. उमादेवी प्रत्येकीला डॉक्टरीण बाईंचा पत्ता द्यायची, आणि मान मागं टाकू नका म्हणून सांगायची.

पुढच्या पावसाळ्यात, फुलं यायच्या आधी, परसातलं गाजर गवत रविकुमारनं स्वतः तोंडाला फडकं बांधून उपटलं. त्याला दोन दिवस लागले. दुसऱ्या संध्याकाळी मोजे काढत तो दुकानाच्या पायरीवर बसला.

"झालं सगळं साफ," तो म्हणाला. मग मोजे झटकत, "आजून किती दिवस राग धरणार हायस, उमा?"

ती गुळाची ढेप फोडत होती. थांबली नाही.

"माझं चुकलं, असं अव्वासमोर तुमच्या तोंडानं म्हणा. मंग बघू."

रविकुमारनं आत, माजघराकडं बघितलं. गुरुबाई तिथं वाती वळत बसली होती. तो उठला, मोजे दोरीवर वाळत टाकले आणि बैलांकडं गेला. उमादेवीनं गूळ तोलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे म्हणून विचारलं.